उभीचा खांब

समोर पटांगणात जांभ्या दगडाचा एकटाच खांब दिसतोय ना, त्याला आमच्या तिवरसड्यात उभीचा खांब म्हणतात. टेकू नका हो त्याला! इकडे शाळेच्या ओटीवर या, पाठीवरची ओझी उतरवा आणि आधी कोकमाचं सरबत घ्या. मला खुर्ची नको. आल्यापासून तुम्ही तिघांनी तीनदा खुर्ची पुढे केलीत, पण आज मी बसणार नाही. दिवस उगवल्यापासून उभा आहे. पायांत गोळे आलेत, म्हणून आपला इकडून तिकडे फिरतोय झालं. माझी बायको म्हणते, घाण्याला जुंपल्यागत काय फिरता? म्हणू दे.

मी दत्ताराम शिगवण. मला सगळे आबा म्हणतात, तुम्हीही म्हणा. यंदा उन्हाळी शाळेचं यजमानपण आमच्या घराकडे आलंय. तुमच्यासारखी भौतिकशास्त्रात, खगोलशास्त्रात संशोधन करणारी मुलं दर उन्हाळ्यात कुठून कुठून इथे येतात. मुलांच्या शाळेला सुट्टी असते, त्या खोल्यांतून तुम्ही राहता, फळ्यावर आम्हाला न कळणारं काहीबाही लिहिता, भांडता, हसता. आमच्या मास्तरांना जूनमध्ये फळा पुसवत नाही. तुमची ही उन्हाळी शाळा उघडते ती बिनसावलीच्या दिवशी, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्या खांबाची सावली त्याच्या पायाखाली गडप होते त्या दिवशी. तो दिवस आज आहे.

आणि आज नेमकी तुमची बाकीची मंडळी घाटात अडकलीत. गाडीचा पट्टा तुटला म्हणे. त्या बघा रेगे मॅडम, शाळेच्या सगळ्या आयोजनाचा भार त्यांच्या डोक्यावर आहे. फोनला रेंज मिळावी म्हणून सड्याच्या, म्हणजे या कातळपठाराच्या, टोकाला जाऊन उभ्या आहेत. एका कानाला गाडीवाला, दुसऱ्या कानाला अनुदानवाले. अनुदान मंजूर आहे, पण आलेलं नाही. दर वर्षी हेच. मंजूर असतं आणि येत नाही, आणि आलंच तर गणपतीत येतं. तरी शाळा एकाही उन्हाळ्यात बंद राहिली नाही. का राहिली नाही, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. गाडी येईल तेव्हा येईल, सावली काही कोणासाठी थांबायची नाही. आता वीतभर उरलीय. तेवढ्यात सांगून होईल. मध्ये बोलू नका, मला राग येतो.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. इथे संस्थान होतं तेव्हाची, एवढंच सांगतात. त्या काळी खालच्या आगरात, नारळी-पोफळीच्या वाडीत, नरहरशास्त्री म्हणून एक ज्योतिषी राहत. ज्योतिषी म्हणजे हात बघणारे नव्हेत, ग्रहगणित करणारे. ग्रहणाची वेळ त्यांनी सांगावी आणि ग्रहणानं ती पाळावी, असा त्यांचा लौकिक होता. पण माणूस मनातून बेचैन. ते म्हणत, माझ्यासारखे वेडे मुलखात ठिकठिकाणी असतील. एकेकटे बसून डोकं फोडत असतील. एकाचं जिथे अडलंय तिथे दुसऱ्याला वाट सापडलेली असेल, पण दोघांची गाठच पडत नाही. या सगळ्यांना एका उन्हाळ्यात एका जागी आणलं तर? उन्हाळाच का, तर आभाळ स्वच्छ, पाठशाळांना सुट्टी आणि शेतात काम नाही. जागा म्हणून त्यांना आपला हा सडा पसंत पडला. उघडा, सपाट, झाड नाही की डोंगराचा आडोसा नाही.

मग ते संस्थानच्या गावी गेले आणि धान्याची मागणी केली. राजानं मान हलवली. शास्त्रीबुवांना वाटलं, झालं काम. त्यांनी काशीकडे, माळव्याकडे निघालेल्या यात्रेकरूंबरोबर निरोप धाडला, की ज्याला ग्रहगणिताचं वेड आहे त्यानं वैशाख वद्य पंचमीला तिवरसड्यावर यावं, राहण्या-जेवण्याची सोय आहे. त्या साली बिनसावलीचा दिवस त्या पंचमीला येत होता. गणित अगदी चोख होतं.

चूक झाली ती भलतीकडेच. आपला महिना अमावास्येला संपतो. नर्मदेपलीकडे तो पौर्णिमेला संपतो. म्हणून शुक्ल पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्ष आला की आपला चैत्र वद्य तो त्यांचा वैशाख वद्य. ग्रहणाचं पळ न चुकवणाऱ्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नाही. येणार कसं? आभाळाकडे बघणाऱ्याला शेजारच्याचं कॅलेंडर दिसत नाही. हसू नका. तुमच्या मॅडमनी गेल्या साली रात्री बारानंतरच्या विमानाची तारीख चुकवून एका पाहुण्या प्राध्यापकांना बरोबर एक दिवस आधी बोलावलं होतं.

तर भर चैत्रात, पूर्ण एक महिना आधी, सात-आठ तरणी पोरं सडा चढून वर आली. थंडीत घर सोडून पायी निघालेली. पायांची सालं निघालेली, ओठ फुटलेले. आणि इथे शास्त्रीबुवा नाहीत! ते धान्याच्या गाड्या घेऊन यायला संस्थानच्या गावी गेलेले, आणि तिथला कारभारी त्यांना रोज 'उद्या या' म्हणून ओसरीवर बसवून ठेवतोय.

सड्याच्या कडेला तेव्हा एकच घर होतं, आवडूचं. आवडू म्हणजे एक विधवा बाई, पोटी मूल नाही, झऱ्याजवळ भाताचं एक खाचर, बास. जाताना शास्त्रीबुवा तिच्या अंगणात उभे राहून म्हणाले होते, "बाई, माझी मुलं यायची आहेत. एखादा दिवस माझ्याआधी पोचली तर सांभाळशील?" ती म्हणाली, "येऊ देत की. उपाशी नाही ठेवणार." एवढंच बोलणं झालं. पण शब्द तो शब्द. एखाद्या दिवसाचा महिना झाला म्हणून तो फिरवायचा कसा?

आणि साल कसलं, तर आदल्या पावसानं दगा दिलेला. मोहर करपलेला, फणस कुयरीतच गळालेले. गावात घरोघर पातळ पेज. लोक म्हणाले, आवडू, हे शास्त्र्याचे पाहुणे, शास्त्र्यानं बघावं. तू का नसती ब्याद गळ्यात घेतेस? खोटं नव्हतं ते. तिच्या घरातलं धान्य चार दिवसांत संपलं. मग उरली माळ्यावरची बियाण्याची मुडी. मुडी बघितलीय कधी? पेंढा वळून त्यात भात भरतात आणि दोरानं करकचून आवळतात. मृगाला पेरणीच्या वेळीच ती सोडायची. उपाशी मरेल पण बियाण्याला हात लावणार नाही, अशी आमची जात. आवडूनं ती मुडी सोडली. सोडताना ढसाढसा रडली म्हणे. मग डोळे पुसले आणि उखळात भात कांडायला घेतलं.

तुम्ही विचाराल, काशीचे ब्राह्मण आमच्या कुणबिणीच्या हातचं जेवले? पहिले दोन दिवस नाही जेवले. कोरडा शिधा मागून घेतला आणि तीन दगडांवर स्वतः रांधलं. एकदा भात करपला, एकदा कच्चा राहिला. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं अंगणात पानावर येऊन बसले. पोटापुढे कोणाचं काय चालतं!

त्यांना चूक कळली होती बरं. आल्या दिवशी भर दुपारी बघितलं तर शास्त्रीबुवांनी सावली मोजायला रोवून ठेवलेल्या लाकडी खांबाला चांगली हातभर सावली. महिना आधी आलो हे उमजून ती पोरं पोट धरधरून हसली म्हणे. त्यात काशीकडचा हरिवंश म्हणून एकजण होता, सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत हट्टी. तो म्हणाला, बरंच झालं, सावली रोज किती घटते ते महिनाभर मोजू. जेवणाची कोणाला फिकीर? राजाचा आश्रय आहे, धान्य त्याचं आहे, असंच ते धरून चाललेले. आवडूनं त्यांचा समज मोडला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "गाड्या येतायत." आणि कोणी म्हणालं, "माय, तूही बस ना जेवायला," तर म्हणायची, "माझं झालं उभ्या उभ्या."

झालं कसलं डोंबल! बसली तर एक पान वाढणार, आणि तेवढा भात नव्हताच. म्हणून ती बसायचीच नाही. वाढून झालं की अंगणाच्या कडेला, आज तो दगडी खांब आहे त्याच जागी, कोणाला काय हवं ते बघत उभी राहायची. कधी पेजेचं वरचं पाणी प्यायची, कधी तेही नाही.

आता ऐका, खरी गंमत पुढे आहे. गंमत म्हणतो मी, पण सांगताना मला दर वेळी चीड येते. हरिवंशाला दिसेल त्याची सावली मोजायचा नाद. खांबाची, काठीची, तशी जेवता जेवता आवडूचीही. ती एका जागी न हलता उभी राहायची, त्याला आयतीच सोय. दोरी टाकून बघायचा. काही दिवसांनी तो चक्रावला. सावलीची लांबी घटते ती सूर्य डोक्यावर येतोय म्हणून. पण हिच्या सावलीची रुंदीही घटतेय. ती का घटावी?

तुम्ही हसलात. त्यांना हसू नाही आलं. त्यांच्यात वाद पेटला! एक म्हणाला, कातळ तापून हवा थरथरते, म्हणून कडा पुसट होतात. दुसरा म्हणाला, सूर्याच्या बिंबाच्या आकाराचा हा परिणाम, खांबाच्या रुंदीवर तो कमी दिसतो, बाईच्या रुंदीवर जास्त. तिसऱ्यानं एक जुनं वचन काढलं. जमिनीवर खडूनं आकृत्या काढल्या, एकमेकांना मूर्ख म्हणाले, एकजण तर रुसून झऱ्यावर जाऊन बसला. रोज दुपारी सगळे वाकून वाकून ती सावली मोजायचे. आणि जिची सावली ती समोर उभी. वाढतेय, विचारतेय, "आणखी भात घालू का रे?" मान वर करून तिच्याकडे एकानं बघितलं नाही हो! एकानंसुद्धा नाही. वाईट नव्हती ती पोरं. त्यांना सावलीतच सगळं सापडायचं होतं, दुसरं काय.

असं करत वैशाख वद्य पंचमी आली. मुडी तळाला गेली होती. त्या दिवशी तिनं शेवटचं भात कांडलं, शेवटची पानं वाढली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. सूर्य डोक्यावर. हरिवंशाला वाटलं, आज या रुंदीचा निकाल लावतोच. दोरी घेऊन तिच्या पायाशी वाकला. बघतो तर सावलीच नाही! असणार कुठून? बिनसावलीचा दिवस तो. खांबाला नाही, काठीला नाही, आवडूलाही नाही. मोजायला जमिनीवर काही उरलंच नाही, म्हणून त्याची मान वर झाली.

आणि त्याला ती दिसली. गालांची हाडं, खोल गेलेले डोळे, दंडावरून कोपरापर्यंत घसरलेला ताईताचा दोरा. महिनाभर ज्याच्यावर वाद घातला त्याचं उत्तर त्याच्यापुढे उभं होतं.

दोरी तिथेच टाकली. धावत चुलीपाशी गेला. भांडं धुऊन पालथं घातलेलं. माळ्यावर नुसता मुडीचा पेंढा. शेतकऱ्याच्या घरात रिकामी मुडी म्हणजे काय, हे काशीच्या पोरालाही कळलं. बाहेर आला, स्वतःचं भरलेलं पान उचलून तिच्यापुढे ठेवलं आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "माय, बस."

ती म्हणाली, "माझं झालं उभ्या उभ्या."

तो ओक्साबोक्शी रडायला लागला. बाकीचे उठले. ती काही बसेना. म्हणाली, शास्त्रीबुवांना शब्द दिलाय, ते आल्याशिवाय माझं काम संपत नाही. मग तेही हट्टाला पेटले. तू बसली नाहीस तर आम्हीही जेवणार नाही. तिथे पानं वाढलेली, भात सुकतोय, आणि वर वैशाखाचं ऊन. ती उभी, ते उभे. गावाला बातमी लागली. लोक आले आणि कडेनं बघत राहिले.  पुढे कुठल्या तोंडानं येणार? मुडी सुटताना कोण आलं होतं?

त्याच दुपारी नरहरशास्त्री सडा चढून आले. बरोबर आपल्याकडची, गोमंतकातली वेळेवर निघालेली मुलं. गाडी मात्र एकही नाही. कारभाऱ्यानं शेवटी विचारलं होतं, आकाश मोजून संस्थानचं काय पिकणार? पुढल्या साली बघू. हे तोंड घेऊन आलेला माणूस समोरचं बघून खालीच बसला. सगळं ऐकल्यावर त्यांनी पागोटं काढून आवडूच्या पायांशी ठेवलं. म्हणाले, "मी सूर्याचा हिशोब केसाएवढा चुकू दिला नाही, आणि माणसांचा महिना कधी लागतो तेवढं विचारायचं विसरलो. आई, आता बस." आणि त्यांनी स्वतः पान मांडलं, हरिवंशानं वाढलं. तेव्हा ती बसली.

त्यानंतर, सांगतात, गावात जो तो घराकडे पळाला आणि मूठ-मूठ घेऊन आला. पेजेतली मूठ होती ती, सोपी नव्हती. त्या मुठींवर पहिली शाळा झाली. मृगाला घरोघरच्या बियाण्यातून तिचं खाचर पेरलं गेलं, आणि भातपेरणी म्हणजे काय हे ठाऊक नसलेली ती पोरं चिखलात गुडघाभर उतरली. पुढे तिच्या उभं राहायच्या जागी तिच्या उंचीचा हा खांब गावानं रोवला.

आता तुमच्या मनात जे आलंय ते दर वर्षी कोणीतरी विचारतं. ती जगली का? वरच्या वाडीवर विचारलंत तर सांगतील, पहिला घास घेतला आणि बसल्या जागी गेली. आमच्या वाडीत सांगतात, ती जेवली, उठली, आणि शास्त्रीबुवांना म्हणाली, "तुम्ही का बसलात कोरडे? भात घ्या." खरं काय, देव जाणे. पण मी वरच्या वाडीशी यावरून आयुष्यभर भांडत आलोय. मेली म्हटलं की सगळ्यांचं सोपं होतं. घुमटी बांधा, वर्षातून एकदा नारळ फोडा, सुटलात. ती जगली असं धरलं तर दर वर्षी तिला जेवायला घालावं लागतं. म्हणून आम्ही ती जगली असं धरतो.

आजही भात झोडपलं की गावातलं प्रत्येक घर आपल्या बियाण्याशेजारी शाळेसाठी एक मुडी बांधतं. अनुदान आलं तर तुमचे संगणक, तुमच्या दुर्बिणी, पाहुण्यांची प्रवासभाडी. नाही आलं तरी भात आहे. त्या मुडीच्या बदल्यात काय पिकणार, हे तिवरसड्यात कोणी कोणाला विचारत नाही. आजही निमंत्रणात आम्ही तिथी घालत नाही. रेगे मॅडमना तारीख लिहावी लागते, पण खाली आमची ओळ असतेच, की खांबाची सावली संपेल त्या दुपारी या. आणि आजही यजमान सकाळपासून उभा राहतो. यजमान बसल्याशिवाय मुलं जेवत नाहीत, आणि मुलांनी वाढल्याशिवाय यजमान बसत नाही. सावलीला दोरी लावायची ती त्यानंतर.

मॅडम हात हलवतायत. नाही म्हणतायत. गाडी अजून घाटातच आहे. म्हणजे तुम्ही तिघंच. मला सकाळपासून हाच घोर होता, की वेळेला कोणी नसलं तर माझ्या घराच्या पाळीला ही रीत मोडायची. उन्हाळ्यानंतर उन्हाळा गेला, मोडली नाही ती. चला, ओटीवरून उतरा. चपला राहू देत, कातळ भाजेल.

बघा खांबाकडे. गेली सावली. मोजायला काही उरलं नाही. पानं तिकडे मांडलीत, भात झाकून ठेवलाय, डाळ चुलीवर आहे. पण आधी एक विचारायचं असतं. खाली काय बघताय? वर बघा, माझ्या तोंडाकडे. विचारा.

"आबा, जेवलात?"

नाही, बाळा. सकाळपासून उभा आहे. वाढ.